हात गुंतलेल्या माणसाला रहस्यकथा कशी वाचून दाखवावी

आधी साहित्य सांगते, पाककृतीत सांगतात तसं. एक रहस्यकथा, शक्यतो दीडशे पानांच्या आतली. एक वाचणारी. एक ऐकणारी, जिचे हात कामात आहेत पण डोकं मोकळं आहे. वाटीभर चिल्लर वस्तू: चिंचोके, सुपारी, लवंग, तुटकं बटण, मिठाचा खडा. त्या कशाला लागतात ते पुढे येईल. आणि वाचणारीच्या पाठीमागून येणारा उजेड.

माझ्याकडची ऐकणारी म्हणजे अम्मा. सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाजवळच्या एका बोळात आमची दीड खोली होती. घरात तेलुगू, शाळेत मराठी, नळावरच्या भांडणात दोन्ही आणि वर तोंडी लावायला थोडं कन्नड. वडील यंत्रमागावर जायचे, अम्मा घरी विड्या वळायची. शाळा तिची दुसरीपर्यंत, तीही तेलुगूत. मराठी बोलायला फाडफाड, पण देवनागरी अक्षरं तिला रांगोळीसारखी दिसायची. तरी रहस्यकथांचं वेड मात्र आमच्या घरात तिनेच आणलं. तिचा थोरला भाऊ गिरणीतली पाळी संपवून आला की चाळीच्या पायरीवर बसून बाबुराव अर्नाळकर मोठ्याने वाचायचा आणि अख्खी चाळ ऐकायची. अम्माचं लग्न झालं, मामा तिकडे राहिला. झुंजार, धनंजय आणि काळापहाड हे अर्नाळकरांचे तिघे नायकही तिकडेच राहिले. मी चौथीत जोडाक्षरं न अडखळता वाचायला लागले आणि अम्माला बारा वर्षांनी वाचणारं माणूस मिळालं.

मला सुरुवातीला त्यात काडीची गोडी नव्हती. बाकीच्या पोरी बोळात लगोरी खेळायच्या आणि मी सुपाशेजारी बसून कुठल्याशा बंगल्यातल्या कुठल्याशा मुडद्याचं वर्णन वाचायची. गोडी कशी लागली ते सांगेनच, पण घरात म्हातारी आई किंवा वडील आहेत, डोळ्यांनी वाचणं होत नाही, अशांच्या लेकी-सुनांसाठी हे लिहितेय, त्यामुळे आधी कामाचं.

पुस्तक कोणतं घ्यावं

पातळ घ्यावं. जाडजूड कादंबरी एकटीने वाचायला चांगली. मोठ्याने वाचताना तिसऱ्या दिवशी घसा बसतो आणि ऐकणाऱ्याला पहिल्या दिवशीचा माळी आठवत नाही. अर्नाळकरांची पुस्तकं या कामाला जणू बेतून शिवलेली. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसाने. वाक्यं छोटी, प्रकरणं छोटी आणि प्रकरण संपतं ते नेमकं दारावर थाप पडताना. आजच्या वाचकाला भाषा थोडी नाटकी वाटेल. मोठ्याने वाचा, मग कळेल ती तशी का आहे.

आमच्या चौकाजवळ एक टपरी होती, पंचवीस पैसे रोजाने पुस्तकं द्यायची. टपरीवाल्या काकांची माझ्याविरुद्ध एकच तक्रार असायची. पुस्तक परत केलं की नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "काय गं, पुस्तक वाचतीस का वळतीस?" आमच्याकडून आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तंबाखूचा वास. पुढे पुढे त्यांनी आमच्यासाठी पुस्तकांची एक वेगळी रांगच केली, आधीच वास लागलेल्या पुस्तकांची. ती रांग मी पाचवीत संपवली.

मग गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले. अम्माला बॅरिस्टर आवडला. पळापळीपेक्षा तिला उलटतपासणी हवी असायची. माणसाला एका जागी उभं करून विचारत राहायचं आणि तो कुठे घसरतो ते बघायचं. तुमच्या ऐकणाऱ्यालाही पाठलाग आवडतो की चौकशी, हे पहिल्या दोन पुस्तकांत ओळखा. मोठ्याने वाचताना पाठलागाची प्रकरणं फिकी पडतात, असं माझं मत. धावणं डोळ्यांना बघायला बरं. कानाला बोलणं हवं.

परदेशी गोष्टी चालतात, पण नावांची सोय करावी लागते. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स मी हायस्कूलात असताना वाचून दाखवला. होम्सच्या छप्पन्न लघुकथा आहेत आणि एकेक कथा एका बैठकीत संपते, म्हणून वाचून दाखवायला त्या कादंबऱ्यांहून सोयीच्या. यातल्या बहुतेक मासिकासाठीच लिहिलेल्या, १८९१पासून पुढे. अडचण एकच, नावं. अम्माने इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला पहिल्याच दिवशी 'लिस्टवाला साहेब' करून टाकलं. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. तुम्हीही सोडून द्या. ऐकणारा ज्या नावाने माणूस ओळखतो तेच त्याचं नाव. पुढे वाचतानाही तेच वाचायचं. अशोक जैनांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा याबाबतीत फार सोपा, नावं आपल्या तोंडात बसणारी आणि रक्तपात बेताचा. घरात नातवंडं ऐकायला बसत असतील तर तिथूनच सुरुवात करा.

भुताची पुस्तकं या कामाला घेऊ नका. नारायण धारपांशी माझं काही भांडण नाही, रात्री एकटीने वाचायला त्यांच्यासारखा माणूस नाही. पण ज्या गोष्टीत शेवटी भूत निघू शकतं, तिच्यात ऐकणारा डोकं चालवत नाही. एका पुस्तकात खून शेवटी आत्म्याने केला असं निघालं, तेव्हा अम्माने सूप बाजूला ठेवलं आणि तीन नियम लावले. भूत नको. जुळा भाऊ आयत्या वेळी नको. आणि भुयार एकच, सारखी सारखी भुयारं नकोत. खूप वर्षांनी वाचनात आलं की रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम काढले होते. त्यात अम्माचे तिन्ही आहेत. मी घरी येऊन सांगितलं. तिला विशेष काही वाटलं नाही. "शहाणा होता," एवढंच म्हणाली.

बसायचं कसं

ऐकणाऱ्याच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की तो तुमचं तोंड वाचतो. हात रिकामे ठेवू देऊ नका. विड्या आता कोण वळतंय. पण शेंगा फोडणं, मेथी निवडणं, वाती वळणं, लसूण सोलणं, काहीही चालेल. डोळे लागणारं काम नको. नुसतं ऐकायला बसवलेला माणूस वीस मिनिटांत पेंगतो किंवा शेजारणीचा विषय काढतो.

अम्माची लय मला अजून पाठ आहे. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापलेली. पान डाव्या हातात, चिमूट तंबाखू, अंगठ्याने सरकवत वळायचं, तोंड नखाने दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. हे सगळं न बघता. पंचवीस विड्यांचं एक बंडल आणि बंडल झालं की ती हात झटकायची. माझं एक प्रकरण साधारण एका बंडलात संपायचं. वाचनाची गती मी घड्याळावर कधीच मोजली नाही, तिच्या हातांवर मोजली. हात भरभर चालले तर गोष्ट कंटाळवाणी झालीय, ती कामाकडे वळलीय. मग वर्णनाचा परिच्छेद गाळायचा. हात मंदावले तर हळू वाचायचं. हात थांबले तर आपणही थांबायचं, कारण तिला काहीतरी सापडलंय.

क्यूबातल्या सिगार कारखान्यांत कामगारांना वाचून दाखवणारा माणूस असतो, ही प्रथा १८६५पासूनची. त्याचा पगार सुरुवातीला कामगारच वर्गणी काढून द्यायचे. एका नामांकित सिगारचं नाव तर कामगारांच्या आवडत्या कादंबरीवरून पडलंय. हे कळलं तेव्हा माझा पगार आठवला: प्रकरणामागे गुळाचा एक खडा, आणि पुस्तक संपलं तर शेंगापोळी.

आवाज, आणि मी पकडली गेले ती गोष्ट

नाटक करू नका. खलनायकाला घोगरा आवाज, बायकांना किनरा, असलं काही नको. सगळी माणसं एकाच आवाजात वाचा. हा नियम मी मार खाऊन शिकले म्हटलं तरी चालेल, मार नुसता शब्दांचा होता.

पाचवीत होते. पुस्तकाचं नाव आता आठवत नाही. एक जमीनदार, त्याची भाची, वकील, डॉक्टर, डॉक्टरचा कंपाउंडर आणि स्वयंपाकी. अर्धं पुस्तक वाचून झालं होतं. सकाळी अम्मा विड्या द्यायला कारखान्यात गेली. तिथे रांग असायची. तपासणारा एकेक बंडल बोटांत फिरवणार, सैल विड्या छाट म्हणून बाजूला काढणार, मग नवीन पानं आणि तंबाखू मोजून मिळणार. निदान दोन तास. मी घरात एकटी आणि पुस्तक फळीवर. त्या दिवशी पहिल्यांदा मला पुढे काय झालं ते स्वतःसाठी हवं होतं. गुळासाठी किंवा अम्मासाठी वाचत नव्हते. फळीखाली डबा ठेवून चढले आणि उभ्याउभ्या शेवटची चाळीस पानं वाचली. कंपाउंडरच निघाला. मला इतका आनंद झाला की मी डब्यावरून पडले आणि कोपर फुटलं.

संध्याकाळी जिथे थांबलो होतो तिथून वाचायला बसले. आठ-दहा ओळींत कंपाउंडर औषधाची बाटली घेऊन आत आला. मी अगदी सरळ वाचलं, असं मला वाटलं. अम्माचे हात थांबले.

"आगु."

आगु म्हणजे थांब. मी थांबले.

"मळ्ळी चदुवु." परत वाच.

परत वाचलं. आता मुद्दाम भराभरा.

"ह्या माणसाचं नाव तू काल पायपुसण्यासारखं वाचलीस," अम्मा मराठीत म्हणाली. रागावली की ती मराठीवर यायची. "आज हळदीकुंकवाला आल्यासारखं वाचायलीस. पुढचं वाचून बसलीस का नाही, खरं सांग."

मी रडायला लागले. तिने विडी पुरी केली, दोरा गुंडाळला, आणि पुस्तक माझ्या मांडीवरून उचलून फळीवर ठेवलं. आमचं ते पुस्तक कधीच पुरं झालं नाही. तिला शेवट कळला होता आणि कळलेली गोष्ट ऐकण्यात तिला रस नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र कोपराला हळद लावताना तिने हळूच विचारलं, कंपाउंडरने बाटली बदलली कधी? मी सांगितलं. म्हणाली, मला वाटलंच होतं. तेव्हापासून मी कोणतंही पुस्तक तिच्याआधी उघडलेलं नाही. पण एकटीने वाचायचं वेड त्या डब्यावर उभी असतानाच लागलं, हेही खरं.

म्हणून सांगते, पुढचं वाचू नका. तुम्हाला माहीत असलं की आवाजाला कळतं. जुन्या वाचनालयाच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं. अशा लोकांना वेगळा नरक असेल. तसं पुस्तक हाती आलं तर ते खोडून उपयोग नाही, तुम्ही वाचलेलं असतं. दुसऱ्या कुणाला वाचायला बसवा, आणि तुम्ही शेंगा फोडा.

वाटीतल्या वस्तू

ज्याला लिहिता येत नाही त्याने सहा-सात संशयित लक्षात कसे ठेवायचे? अम्माने शोधलेली पद्धत मी नंतर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लोकांनाही शिकवली आहे, कारण वहीत नावं लिहून काढण्यापेक्षा ती बरी चालते.

गोष्टीत नवीन माणूस आला की वाटीतून एक वस्तू उचलायची आणि सुपाच्या कडेला ठेवायची. आता सूप नसेल तर ताट घ्या. कुठली वस्तू कुणाला, हे ऐकणाऱ्यानेच ठरवायचं; वाचणाऱ्याने सुचवायचं नाही. अम्माकडे वकील नेहमी सुपारी, कारण फोडल्याशिवाय आतलं कळत नाही. डॉक्टर लवंग. नोकरचाकर चिंचोके, आणि दोन नोकर असतील तर दुसरा अर्धा फोडलेला. तरुण पोरगी म्हणजे बटण. मरणारा श्रीमंत माणूस नेहमी भुईमुगाची शेंग. तो मेला की अम्मा ती फोडून एक दाणा मला द्यायची, एक स्वतः खायची. टरफल मात्र ताटातच ठेवायची, मेलेल्याचंही पुढे काम असतं म्हणून.

मग हालवाहालव सुरू. ज्याने सांगितलं की मी खुनाच्या वेळी अमुक ठिकाणी होतो, त्याची वस्तू ताटाच्या त्या बाजूला. दोघांचं साटंलोटं दिसलं तर दोन वस्तू शेजारी. कुणाचं बोलणं पटलं नाही की ती वस्तू बोटात धरून दाबायची आणि म्हणायची, "पोकळ." हा तिचा कारखान्यातला शब्द. सैल वळलेली विडी बाहेरून इतर विड्यांसारखीच दिसते. दोन बोटांत धरली की कळतं आत तंबाखू कमी आहे. तपासणारा तशी विडी बाजूला काढतो. अम्मा साक्षीदार असे काढायची. एखाद्याने विचारलेल्यापेक्षा जास्त तपशील दिला, विचारायच्या आधीच आपण कुठे होतो ते सांगितलं, की पोकळ.

हे करताना वाचणाऱ्याचं काम एकच: मागचं पान शोधून देणं. "तो स्वयंपाकी पहिल्या रात्री काय म्हणाला होता?" असं विचारलं की शोधायचं आणि शब्दन् शब्द वाचायचं. आठवणीतून सांगायचं नाही. आठवणीतून सांगताना आपण आपला संशय त्यात मिसळतो. पान सापडायला वेळ लागतो म्हणून प्रत्येक नवीन माणूस आला त्या पानावर दोऱ्याचा तुकडा ठेवायची सवय मी लावून घेतली. विडीचा दोरा त्याला उत्तम, जाडी होत नाही.

भाच्याने मागच्या वर्षी अम्माच्या मोबाइलवर बोलकी पुस्तकं घालून दिली. आवाज सुरेख होता त्या बाईचा. अम्माने दोन प्रकरणं ऐकली, मग "आगु" म्हणाली. बाई थांबली नाही. परत म्हणाली, जरा जोरात. मोबाइल तसाच उशाखाली गेला, आणि उशीखालून दहा मिनिटं खुनाचा तपास चालू होता.

लेखक चुकला तर

चुकतात. हजार पुस्तकं लिहिणारा चुकणारच, आणि दहा लिहिणाराही चुकतो. एका कथेत एक तरुण सांगतो, मी खुनाच्या रात्री तंबाखूच्या गोदामात हिशोब करत बसलो होतो, तिथून थेट इथे आलो. अंगात पांढरा सदरा, अत्तराचा घमघमाट. अम्माने तिथेच त्याला उचलला. "गोदामातून आला? आणि पांढरा सदरा पांढरा? शिंक नाही, खोकला नाही? मी इथे घरात बसून विड्या वळते तर माझ्या पदराला तीन धुण्यांनी वास जात नाही." तो चिंचोका ताटाच्या मधोमध जाऊन बसला. पुस्तक संपलं, खुनी दुसराच निघाला. तरुण खरंच गोदामात होता म्हणे. लेखकाने तंबाखूचं गोदाम कधी आतून पाहिलं नसावं.

अशा वेळी वाद घालायचा नाही आणि लेखकाची बाजूही घ्यायची नाही. अम्माने आपला शेवट सांगितला: तरुणाने गोदामाच्या चौकीदाराला पैसे दिले, अत्तर वास लपवायला नसून वास नाही हे लपवायला. मला तो छापलेल्या शेवटापेक्षा कितीतरी बरा वाटला. मी तो त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून टपरीवर परत दिला. काकांनी पाहिलं की नाही कोण जाणे.

विषाच्या बाबतीत मात्र लेखकावर विश्वास ठेवण्याआधी चौकशी करा. अम्माचा पहिला प्रश्न असतो, विष आणलं कुठून आणि दिलं किती? आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टींत "एक जालीम विष" एवढ्यावर भागवलेलं असतं. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम केलं होतं आणि १९२० साली आलेली तिची पहिलीच कादंबरी विषप्रयोगाची. हे सांगितल्यावर अम्मा म्हणाली, मग ती मोजून देणारी बाई आहे, तिचं वाच. रोज मोजून तंबाखू घेणाऱ्या बाईने दिलेलं हे प्रमाणपत्र आहे.

आता, म्हातारपणी

आता अम्मा विड्या वळत नाही. बोटांची पेरं सुजतात. आम्ही विजापूर रोडला राहतो, तिच्यापुढे शेंगांचं ताट असतं आणि चटणीपुरत्या शेंगा ती अजून फोडते. डावा कान गेलाय, म्हणून मी उजवीकडे बसते. मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी वाचू नका, पंख्याच्या आवाजावर ओरडून वाचावं लागतं आणि ऐकणाऱ्याचं डोकं चालत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून बसा. एका वेळी एकच प्रकरण. दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी आदल्या दिवशीचं ऐकणाऱ्यालाच सांगायला लावा, ताटातल्या वस्तू बघून. काय विसरलं ते तुम्हालाही कळतं, आणि त्याचा पाणउतारा होत नाही, कारण आपण तर गोष्टच बोलत असतो. ताट झाकून ठेवायचं हे विसरू नका. आमच्याकडे एकदा मुंग्यांनी शेंगदाणा, म्हणजे एक सावकार, रातोरात पळवला.

पुस्तकं हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणते. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर रद्दीच्या दुकानांतही अधूनमधून सापडतात, पण घेताना शेवटची पानं आहेत का ते बघा. बघा म्हणजे मोजा, वाचू नका.

शेवटच्या प्रकरणाची पद्धत तेवढी राहिली. ते सुरू करण्याआधी पुस्तक मिटायचं. ऐकणाऱ्याने ताटातून ज्याच्यावर संशय आहे ती वस्तू उचलून मुठीत धरायची. दाखवायची नाही, बोलायचं नाही. मग शेवटपर्यंत न थांबता वाचायचं. या एका प्रकरणात आगु चालत नाही. खुन्याचं नाव आलं की मूठ उघडायची.

गेल्या रविवारी आम्ही एक संपवलं. खुनी वकील निघाला. अम्माने मूठ उघडली तर आत सुपारी आणि लवंग, दोन्ही.

"दोघं मिळून?" मी विचारलं. "असं चालत नाही अम्मा, एकच धरायचं."

"एकच धरलं की," ती म्हणाली आणि लवंग तोंडात टाकली. "ही खायला घेतली होती."